येते म्हणून गेलेली तानूबाई

एक होतं नगर. आता नगरं पुष्कळ असतात, त्यात काय सांगायचं? पण या नगराला वेशी होत्या बावन्न. एका वेशीतून आत शिरून दुसरीतून बाहेर पडायचं म्हटलं, तर दुपारची भाकरी वाटेतच सोडून खायला लागायची. इतके रस्ते आणि इतके बोळ, की जो तो चुकायचा. राजासुद्धा एकदा दरबाराला म्हणून निघाला आणि पोचला परटाच्या घाटावर. हसू नका. राजाला काय सगळं कळतं?

मग राजानं एका बैराग्याचे पाय धरले. म्हणाला, "महाराज, माझ्या नगरात माणसाला वाट सापडेल असं काहीतरी करा." बैराग्यानं चिमूटभर अंगारा रस्त्यावर टाकला. म्हणाला, "आजपासून तुझ्या रस्त्यांना कान दिले. माणूस तोंडानं बोलेल ते रस्ता करेल. पण राजा, कान दिलेत, अक्कल दिलेली नाही. ती माझ्याकडंच मोजकी आहे." एवढं बोलून तो चालता झाला.

झालं. लोक खूश. "बाजारात जातो" म्हटलं की बाजार, "घरी जातो" म्हटलं की घर. पण मग एक पंचाईत झाली, बरं का. आपण कुणाच्या घरून निघताना काय म्हणतो? जाते म्हणतो का? नाही. येते म्हणतो. जाते म्हणणं अभद्र. त्या नगरातही तीच रीत होती. आता कुणी दुकानातून निघताना "येतो" म्हणालं, की रस्ता त्याला फिरवून फिरवून पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीशी आणून सोडायचा. येतो म्हणालास ना? मग ये.

लोक वैतागले. त्यांनी ती रीतच टाकून दिली. जाणारा म्हणायचा "जातो", घरातलं माणूस म्हणायचं "जा". सोपं झालं. पण हळूहळू असं व्हायला लागलं, की त्या नगरातून गेलेलं माणूस परत फिरकेना. मुलगा गेला की गेला. पाहुणा गेला की गेला. लोक म्हणाले, मोठ्या नगरात असंच असायचं. पुढं तर रस्त्यांना कान आहेत हेही ते विसरून गेले.

आता त्या नगरापासून चार कोसांवर करवंदवाडी नावाचं नऊ घरांचं गाव होतं. तिथं तानूबाई नावाची सुईण राहायची. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. आडवं आलेलं मूल पोटातल्या पोटात फिरवून सरळ करायचं, ही विद्या तिच्या हातात होती. तिचा नवरा मात्र लवकर गेला. एकदा नदीपलीकडून बैल आणायला निघताना घाईघाईत त्याच्या तोंडून "जातो गं" असं निसटलं. तानूबाईचे हात पिठात. तिनं मान वर करून उत्तरसुद्धा दिलं नाही. नदीनं त्याला ठेवून घेतलं. त्या दिवसापासून तो शब्द तानूबाईच्या तोंडी कधी आला नाही. दळायला निघाली तरी येते, पाण्याला निघाली तरी येते.

तिला एकच लेक, गोजरा. ती नगरातल्या रंगाऱ्याच्या घरी दिली होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण गोजराचे पाय सुजले आणि वैद्यानं तिला गाडीत बसू दिलं नाही. आणि एका सकाळी बांगड्या विकणारा कासार करवंदवाडीत आला. म्हणाला, "तानूबाई, मूल आडवं आलंय. नगरातल्या सुइणींनी हात टेकले. दिवस मावळायच्या आत तुम्ही पोचलात तर मायलेकरं वाचतील, असं गोजराच्या घरून सांगितलंय." घर कुठं, तर रंगारी आळीत तिसरं. खूण एकच, तिथल्या गटारातून पाणी निळं वाहतं. एवढं सांगून कासार पुढच्या गावाला गेला.

तानूबाईनं तेलाची बुधली घेतली, जुन्या लुगड्याचं मऊ फडकं घेतलं, डिंकाचे लाडू घेतले आणि निघाली. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ती वेशीत शिरली. आयुष्यात पहिल्यांदाच नगर बघत होती. पण बघतेय कुठली? तिला फक्त निळं पाणी हवं होतं.

वेशीच्या आत एक माळीण शेवंतीच्या वेण्या करत बसली होती. तानूबाईनं विचारलं, "बाई, रंगारी आळी कुठं आहे?" माळणीनं सांगितलं, "पागेवरून सरळ, घंटेच्या देवळाशी डावीकडं, मग कुणालाही विचारा." तानूबाई म्हणाली, "बरं बाई, येते हं." आणि चालू लागली. पागा आली. घंटेचं देऊळ आलं. ती डावीकडं वळली. मग चालली, चालली, आणि तिला शेवंतीचा वास आला. बघते तर समोर तीच माळीण.

मी खेड्यातली, मीच चुकले असेन, असं म्हणून तानूबाई दुसऱ्या रस्त्याला लागली. तिथं एक तांबट हंडा ठोकत बसला होता. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून तिनं ओरडून विचारलं. त्यानं भट्टीची राख पसरली आणि बोटानं वाट काढून दाखवली. तीन कमानी, मग विहीर, मग चिंच, मग रंगारी आळी. तानूबाईनं पाठ केलं. कमानी, विहीर, चिंच. म्हणाली, "येते हं, बाबा." तीन कमानी आल्या. विहीर आली. चिंचही आली. आणि चिंचेच्या पलीकडं ठण् ठण् आवाज. तोच तांबट, तोच हंडा, आणि राखेत तिचीच वाट अजून तशीच.

ऊन कलत होतं. पायांत काटे भरल्यागत होत होतं, पण त्याचं काही नाही. तिकडं लेक अडली होती.

मग ती तिसऱ्या रस्त्याला लागली. तिथं दुसऱ्या एका वेशीपाशी एक म्हातारी पाणपोई घालून बसली होती. तिनं तानूबाईच्या ओंजळीत पाणी ओतलं, गुळाचा खडा दिला आणि वाट सांगितली. "समोरचा बोळ ओलांडलास की निळं पाणी दिसेल." तानूबाई तोंड पुसत म्हणाली, "येते हं, आजी." म्हातारीच्या हातातलं ओगराळं खाली पडलं. ती काही बोलणार, तोवर तानूबाई बोळात शिरलीसुद्धा. आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली ती पाणपोईसमोरच.

तानूबाई मटकन खाली बसली. रडली. म्हातारी म्हणाली, "पोरी, तू चुकत नाहीयेस. तू येते म्हणतेस, आणि इथले रस्ते ऐकतात. मला माझ्या आजीनं सांगितलं होतं. तू ज्याला ज्याला येते म्हणालीस, त्याच्याकडंच तुला रस्ता आणतोय. जाते म्हण. एवढंच म्हण. रस्ता नेईल."

तानूबाई म्हणाली, "आजी, माझा माणूस तो शब्द बोलून गेला. लेकीच्या दारात मी तो घेऊन जाऊ?"

पाणपोईच्या छपराची सावली लांब होत चालली होती. तानूबाईनं त्या सावलीकडं बघितलं. मनात म्हणाली, मी परत नाही आले तर नाही आले. पोर वाचू दे. तिनं डोळे मिटले, हात जोडले आणि तोंड उघडलं. "जा..."

आणि तेवढ्यात आवाज आला. लांबून, बोळाबोळांतून, रस्त्यांच्या कानांतून झिरपत झिरपत आल्यासारखा. "आई गं!"

दुखलं की आपण सगळे तेच म्हणतो ना? गोजरा तेच म्हणाली. तिला काय ठाऊक, कोण ऐकतंय. पण आईनं ऐकलं. आणि आईनं काय केलं? विचार केला का? छे. चुलीवर दूध असो, हातात पीठ असो, लेकरानं हाक मारली की आई काय म्हणते? तेच तानूबाईच्या तोंडून निघालं.

"आले गं, आले!"

रस्ता दचकला. ही म्हणतेय, आले. म्हणजे आलेली. मग ही अजून इथं कशी? रस्त्याला वाटलं, आपलीच चूक. खजील झाला बिचारा. तो भराभर तिच्या पायांखालून सरकायला लागला. भिंती मागं गेल्या, दारं मागं गेली, अख्खा बोळ मागं गेला. तानूबाईनं पुरती तीन पावलंसुद्धा टाकली नसतील. खाली बघते तर गटारातून निळं पाणी.

तिसऱ्या घराचं दार उघडंच होतं. तानूबाईनं हातपाय धुतले, तेल कोमट केलं आणि लेकीच्या पोटावर हात ठेवला. गोजरा म्हणाली, "आई, आलीस?" तानूबाई म्हणाली, "आले ना." आणि मग ती पोटातल्या बाळाशी बोलायला लागली, हळूच. ते बाळही वाट चुकलेलंच होतं की. "ये बाळा, इकडून ये. भिऊ नको, वाट आहे." बाळ फिरलं. गुरं घरी यायच्या वेळेला मुलगी झाली. रडली चांगली खणखणीत. तानूबाईनं तिला त्या मऊ फडक्यात गुंडाळलं आणि मगच स्वतः रडायला बसली.

बाराव्या दिवशी बारसं झालं. नाव ठेवलं येसू. तेराव्या दिवशी तानूबाईनं ओच्यात घुगऱ्या बांधल्या. गोजरा म्हणाली, "कुठं गं, आई?" तानूबाई म्हणाली, "तीन जणांना येते म्हणाले होते. रस्त्यानं आणलं ते वेगळं. आता माझी मी जाऊन यायला हवं."

ती माळणीकडं गेली. माळणीनं घुगऱ्या घेतल्या आणि येसूसाठी एक वेणी दिली. येसूला केस कुठले? पण दिली. मग तानूबाई तांबटाकडं गेली. त्यानं हातोडी खाली ठेवली. म्हणाला, "वीस वर्षं लोक मला वाट विचारतात, बाई. ती सापडली का, हे सांगायला कुणी आलं नव्हतं." आणि बराच वेळ त्यानं हंडा ठोकला नाही.

मग ती पाणपोईवर गेली. म्हातारीनं घुगऱ्या ओंजळीत धरल्या, पण खाल्ल्या नाहीत. म्हणाली, "बारा वर्षांमागं माझा मुलगा याच वेशीतून गेला. जातो म्हणाला. पुन्हा आला नाही. वाटसरू पाण्याला थांबतात, म्हणून मी इथं बसते. आज ना उद्या त्यालाही तहान लागेल."

तानूबाईनं विचारलं, "आजी, तो जातो म्हणाला. तुम्ही काय म्हणालात?"

म्हातारी म्हणाली, "सगळे म्हणतात तेच. जा म्हणाले."

तानूबाई म्हणाली, "आमच्याकडं असं म्हणत नाहीत. जाऊन ये म्हणतात. अर्धंच बोललात, आजी. उरलेलं आता बोला."

म्हातारी उठली. वेशीत जाऊन उभी राहिली. बारा वर्षं तो शब्द आत राहिलेला. रस्त्याकडं बघून ती एवढंच म्हणाली, "ये रे, बाळा."

लगेच नाही हं आला. नगराचे रस्ते वेशीपाशी संपतात, पण बाहेरचे रस्ते त्यांचेच भाऊबंद. यानं त्याला सांगितलं, त्यानं पुढच्याला. बारा वर्षांची वाट होती, वेळ लागला. पण एका दुपारी कानशिलं पांढरी झालेला एक माणूस पाणपोईसमोर वाकला. त्यानं ओंजळ धरली. म्हणाला, "मी इथं कसा आलो तेच कळत नाही." म्हातारीनं त्याचं तोंड बघितलंच नाही. तिनं ओंजळ ओळखली. ती पाणी ओतत राहिली. ओंजळ भरून सांडली, तरी ओतत राहिली.

काय म्हणतोस? तानूबाईचा नवरा का नाही आला? तिनंही हाक मारली असेल रे. पुष्कळ वेळा मारली असेल. पण नदीला कान नसतात.

मग त्या नगरात पुन्हा जुनी रीत सुरू झाली. लोक येतो म्हणायला लागले. त्यामुळं कुणी दोनदा चुकायचं, कुणी चारदा चुकायचं. कामांना उशीर व्हायचा. पण गेलेलं माणूस परत यायला लागलं. गोजरा, येसू, तो रंगारी, ती म्हातारी आणि तिचा मुलगा, सगळे सुखानं राहिले. आणि तानूबाई करवंदवाडीला परत निघाली तेव्हा अख्खी रंगारी आळी दारात उभी राहून म्हणाली, "जाऊन या." तशी ती दर वर्षी यायची.

झाली माझी गोष्ट. आता डोळे मिटा. झोपेचंही एक मोठं नगर असतं, बरं का, आणि तिथं तुम्ही पाहुणेच. म्हणून आत शिरण्याआधी मला काय म्हणायचं?

हं. येतो म्हणायचं, येते म्हणायचं.

या हं, बाळांनो. सकाळी मी इथंच आहे.