घमाजीचा शेवगा

माळेवाडीत घमाजी नावाचा एक भोळा गडी राहायचा. अंगाने दणकट, मनाने सरळ. इतका सरळ, की सांगितलेल्या शब्दापासून बोटभरही हलायचा नाही. झाडांमध्ये शेवग्याचं कूळ छोटं, भाऊबंद मोजके. घमाजीचंही तसंच. बायको सगुणा, दारातला शेवगा आणि वर्षातून एकदा येणारे सासरे तात्या.

यंदा तात्या आले ते कानावर काहीबाही आलं म्हणून. जावई धड नसेल तर लेकीला घेऊनच जायचं, असं ठरवून. सगुणाला काही जायचं नव्हतं. नवरा येडा असला तरी कधी टाकून बोलत नव्हता.

ती म्हणाली, "अहो, शेवग्याच्या शेंगा काढा. वर चढू नका, फांदी ठिसूळ असते. खालूनच आकडी लावून ओढा."

घमाजीने शेंगा नीट काढल्या. सगुणाला बरं वाटलं. "आता माळवदावरनं तात्यांना जेवायला खाली आणा."

घमाजी वर चढला नाही. खालूनच आकडी लावून ओढलं. आधी धोतर आलं, मागोमाग तात्या. खाली कडबा होता म्हणून हाडं वाचली.

"माणसाला ओढत नसतात," सगुणा म्हणाली. "हात जोडायचे, 'या' म्हणायचं आणि थांबायचं."

दुसऱ्या दिवशी आमटीला शेंगा हव्या होत्या. घमाजीने शेवग्याखाली हात जोडले, 'या' म्हणाला आणि थांबला. दुपार टळली तरी थांबलेलाच. तात्यांनी मिठाशी भाकरी खाल्ली.

"सगुणे, उद्या निघायचं," ते म्हणाले.

सकाळी वाऱ्याने शेवग्याची फांदी मोडून पडली होती. घमाजी ती टाकायला निघाला.

"टाकू नका," सगुणा म्हणाली. "गुडघाभर खड्डा काढून रोवा. शेण लिंपा, पाणी घाला, आपल्या शेळीपासून जपायला काट्यांचं कुंपण करा. जागची हलू दिली नाही की मूळ धरते."

घमाजीने फांदी रोवली. तोवर तात्या वहाणा घालून तयार. सगुणा हळूच म्हणाली, "शेजारच्या काकूंना आणते, त्या समजूत घालतील. तेवढ्यात तात्यांना जागचं हलू देऊ नका."

"कळलं," घमाजी म्हणाला.

काकूंना घेऊन ती परतली, तर अंगणात तात्या गुडघ्यापर्यंत रोवलेले. माती चोपून बसवलेली, वर शेण लिंपलेलं, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. घमाजी तांब्याने पाणी घालत होता.

"अहो, हे काय केलंत?"

"हळू बोल," घमाजी म्हणाला. "मामा रुजतायत. तेवढी शेळी बांधून घाल. पालवी फुटली की आधी तीच तोंड लावेल."