एका पानाचं वजन

खडकनगरच्या भुजंगराव महाराजांना चौकात पडलेलं पान खपत नसे. कचरा नको म्हणून त्यांनी चौकातली झाडं तोडली आणि काळीभोर फरशी बसवली. पाहुण्यांनी तिच्यात आपल्या मिशा बघाव्यात, एवढीच त्यांची हौस. या उन्हाळ्यात तिथं कुत्रंही फिरकेना, ते वेगळं! आता एकच पळस उरला होता आणि उद्या त्याच्यावरही कुऱ्हाड पडणार होती.

त्या पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावून सगुणा पोट भरायची. झाड गेलं की तिची चूल बंद. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, पळस राहू द्या."

"फरशीपुढं पानाला काय वजन गं? एक पान फरशीहून जड भरवून दाखव, मग झाडाला हात लावणार नाही."

दरबारी खिदळले. सगुणानं पदर खोचला. "दाखवते. उद्या भर दुपारी, चौकात."

"दुपारी का?"

"वारा पडलेला असतो. पान उडालं तर बोल मलाच लावाल."

दुसऱ्या दिवशी चौकात धान्य तोलायचा भलामोठा तराजू टांगला. तराजूपुढं जोडे काढायची खडकनगरची रीत. महाराजांनी ऐटीत जोडे काढले, पुढं आले आणि टुणकन उडाले. डावा पाय टेकवला की उजवा वर, उजवा टेकवला की डावा वर. महाराज खुशीत आहेत असं वाटून प्रधानजींनी टाळ्यांचा ठेका धरला.

सगुणानं जमिनीलगतच्या एका पारड्यात पत्रावळ ठेवली. महाराजांनी थेट तिच्यावरच उडी घेतली.

"आता चढवा फरशी," सगुणा म्हणाली.

फरशी दुसऱ्या पारड्यात चढली आणि अधांतरी लोंबकळली. महाराजांचं पारडं जागचं हललं नाही.

"लबाडी आहे ही! मी पान म्हणालो होतो. ही तर पत्रावळ."

"पंगतीत आपण काय म्हणता, महाराज? पत्रावळ मांडा की पान मांडा?"

"पान मांडा," महाराज पुटपुटले. "पण वजन तर माझं आहे!"

"आहेच की. सगळा चौक फरशीचा, तरी आपण आलात पानाकडंच. राजा ज्याच्या बाजूला, त्याचंच पारडं जड."

महाराज इतके हसले की तराजू करकरला. पळस वाचला, चौकात झाडं लावायचा हुकूम सुटला आणि वाड्यातल्या पंगतींच्या पत्रावळ्या सगुणाकडे आल्या.

"आधी कुठली फरशी उखडायची, महाराज?" प्रधानजींनी विचारलं.

महाराजांनी पारड्यातूनच बोट दाखवलं. "इथपासून माझ्या जोड्यांपर्यंतची!"