आबासाहेबांचा कावळा

"मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडता येतो का, बुवा?"

नरहरीबुवा घाटावरच्या मारुतीच्या ओट्यावर भाकरी खात बसले होते. त्यांनी वर पाहिलं.

"कोणाला दिलास?"

"आबासाहेबांना. आज सकाळी."

आज आबासाहेब घुगऱ्यांचा दहावा होता. दगडाच्या खाणी, क्रशर, ट्रक, निम्मा तालुका त्यांचाच म्हणायचा. विचारणारा उमाकांत त्यांच्या हाताखाली तयार झालेला. खाणीलगतच्या वस्तीतून त्यांनी त्याला उचललं, शिकवलं, मॅनेजर केलं. मनगटावरचं घड्याळ त्यांनी दिलेलं. डोळे बारीक करून बोलायची ढब मात्र त्यानं आपण होऊन घेतली होती.

"कावळा शिवत नव्हता," उमाकांत म्हणाला. "मुलानं सांगितलं, आईला सांभाळीन. नाही शिवला. भाऊ म्हणाला, देऊळ बांधीन. तरी नाही. ऊन चढलं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले..."

"का?"

"आबासाहेबांच्या मनात काय राहिलंय, ते मलाच माहीत होतं. मी पुढे झालो. म्हटलं, आबासाहेब, वस्ती मी उठवतो. तुमची खाण पुढे सरकेल."

"मग?"

"लगेच शिवला."

बुवांनी घास गिळला.

"तुझी आई कुठे असते रे?"

"...वस्तीतच."

श्रीमंतांचं एक बरं असतं. मेल्यावरही त्यांची कामं अडत नाहीत.

बुवांनी उरलेली भाकरी समोरच्या दगडावर ठेवली आणि ते मागे सरले.

"म्हण. आबासाहेब, वस्ती मी उठवणार नाही."

उमाकांतनं इकडेतिकडे पाहिलं. पण हात जोडून, पुटपुटत का होईना, तो म्हणाला.

पिंपळावरून एक कावळा उतरला. त्यानं भाकरीचा तुकडा उचलला आणि तो उडून गेला.

"सुटलास," बुवा म्हणाले. "जा, आईला सांग जा."

उमाकांत जागचा हलला नाही.

"हे काही खरं नाही, बुवा. हा नुसता कावळा. तुमच्या हातचं रोज खाणारा."

"मग सकाळचा कोण होता?"

तेवढ्यात फोन वाजला. आबासाहेबांचा मुलगा बोलत होता. जेसीबी वस्तीच्या तोंडाशी येऊन उभा आहे, आणि आजपासून सगळा कारभार उमाकांतनं बघायचा असं घरात ठरलंय, म्हणाला. आवाज मोठा होता. बुवांनाही ऐकू गेलं.

एक 'नको' म्हटलं असतं तर आईचं घर वाचलं असतं. एवढंच म्हणायचं होतं त्या पोरानं, आणि ते त्याच्या तोंडून निघेना. चीड येते, दुसरं काय.

"सुरू करा," उमाकांत म्हणाला. "मी पोचतोच."

फोन खिशात ठेवून तो पाया पडायला वाकला.

"शब्द दिलाय, बुवा. माझा काय इलाज?"

बुवांनी पाय मागे घेतले.

"कावळा पोटासाठी शिवला रे... तू कशासाठी?"