केतेकीची ओळ

एक होता नद. नदी नाही हं, नद. आपल्याकडच्या नद्या सगळ्या बाया, पण तिकडे दूर पूर्वेला, आसामात, एक बाप्या आहे. ब्रह्मपुत्र त्याचं नाव. एवढा रुंद, की या काठावरून त्या काठाचं माणूस मुंगीएवढंसुद्धा दिसायचं नाही.

त्याच्या काठी दोन बहिणी राहायच्या. थोरली तगर, धाकटी केतेकी. दोघी रेशीम काढायच्या. साधंसुधं नव्हे, बरं का, मुगा रेशीम. त्याला रंग द्यावा लागत नाही. ते कोशातूनच सोन्यासारखं पिवळं निघतं. पण एकटीला काढता येत नाही. एकीने गरम पाण्यातल्या कोशांची टोकं धरायची, दुसरीने धागा हातावर घोळवून पीळ द्यायचा. पीळ द्यायची केतेकी. देऊन देऊन तिचा हात कोपरापर्यंत चकचकीत झाला होता.

त्या दिवशी तसं काही विशेष नव्हतं. तगरने अंगण झाडलं, बदकांना कोंडा टाकला. केतेकी पलीकडच्या काठाला मामाकडे गेली होती. मागावर मुगा रेशमाची चादर होती. पांघरायची नव्हे रे, तिकडे बायका पदरासारखी अंगावर घेतात ती. बिहूच्या सणाला ती घेऊन केतेकी नाचणार होती. जाताना तिने बजावलं होतं, "बाइदेऊ, शेवटची फुलांची ओळ माझी. तू हात लावायचा नाहीस." बाइदेऊ म्हणजे ताई.

"नाही लावत," तगर म्हणाली होती. "तुझी फुलं वाकडी येतात. लांबूनसुद्धा ओळखू येईल, केतेकीची चादर ती."

मग काय झालं, तगर चुलीवर भात ठेवत होती, तेवढ्यात पुवाराम नावाडी दारात आला. ओलाचिंब. बस म्हटलं तरी बसेना.

"तगर, नाव उलटली. बाकी सगळे निघाले. केतेकी नाही निघाली."

तगरने भात उतरवून ठेवला. झाकण घातलं. आणि तडक काठावर गेली.

"माझी बहीण द्या," ती पाण्याला म्हणाली.

मग पाणी दुभंगलं आणि नदराजा वर आला. गाळाची दाढी, शेवाळाचं पागोटं. म्हणाला, "माझ्या पाण्यात जे येतं, त्याचा रंग मी घेतो. रंग गेला की ते माझं. बघ वाकून."

तगरने वाकून पाहिलं. खाली तळाशी केतेकी बसली होती. जिवंत होती, बरं का. पण गाल मातीसारखे झाले होते.

"तीन दिवसांनी सूर्य बुडाला की ती पुरती माझी. माझ्या पाण्यात रंग टिकेल असं काही असेल तुझ्याकडे, तर आण. रंग टिकला तर बहीण ने."

"आणते," तगर म्हणाली.

पहिल्या दिवशी तिने गामोसा नेला. पांढराशुभ्र, लाल काठाचा पंचा. तिकडे आल्यागेल्याला मानाने देतात तो. नदराजाने तो बुचकळला. काठाचा लाल रंग भसाभसा सुटला आणि वाहून गेला. तळाशी केतेकीचे ओठ पांढरे पडले.

दुसऱ्या दिवशी तिने पाट रेशीम नेलं. तेही तिकडचंच, दुधासारखं पांढरं. ते वर आलं गढूळ होऊन. केतेकीचे केस राखेसारखे झाले.

मग उरली मुगा रेशमाची चादर. ती तर अजून वीतभर विणायची होती. पण धागा होता. दोघींनी मिळून आधीच काढून ठेवलेला. तिसऱ्या दिवशी पहाटे तगर मागावर बसली. खटखट, खटखट. एकदासुद्धा धागा तुटला नाही. ऊन कललं तेव्हा ती शेवटच्या ओळीपाशी आली. तिचा हात पुढे गेला. मग तिने तो मागे घेतला. चादर मागावरून कापली आणि निघाली.

नदराजाने चादर उलगडली आणि हसला. "ही अपुरी आहे."

"माझ्याकडून पुरी आहे. राहिलंय ते हिचं आहे. तुम्ही धुवा."

"धुऊ?"

"धुवा की. आपटून धुवा."

नदराजाने एकदा धुतली. चादर चकाकली. दुसऱ्यांदा धुतली. अजून चकाकली. मग तो चिडला. सगळ्या लाटा बोलावल्या, वाळू आणली आणि तिसऱ्यांदा घासून घासून धुतली. तर चादर अशी उजळली, की डोळे दिपले, आणि त्याचीच मातकट दाढी सोनेरी दिसायला लागली. मुगा रेशमाचं असंच असतं, बरं का. जितकं धुवाल तितकं उजळतं.

"कुणाची करामत ही?" नदराजाने विचारलं.

"विणलं मी. पीळ तिचा."

नदराजाने मान हलवली. हरला, पण शब्दाला जागला. त्याने चादर केतेकीच्या अंगावर घातली. आधी हात उजळला, तोच कोपरापर्यंतचा. मग केस काळे झाले, मग ओठ लाल. ती चालत पाण्याबाहेर आली.

"बाइदेऊ, भूक लागलीय."

"भात आहे. तीन दिवसांचा," तगर म्हणाली. मग दोघी हसल्या, घरी गेल्या आणि तगरने नवा भात टाकला.

बिहूला केतेकी ती चादर घेऊन नाचली. पुढे दोघी पुष्कळ वर्षं जोडीने रेशीम काढत राहिल्या. एकीने टोक धरायचं, एकीने पीळ द्यायचा. संध्याकाळी नदाचं पाणी अजून सोनेरी होतं, ते तेव्हापासून. चला, मिटा डोळे. पाय आत घ्या पांघरुणात.

काय म्हणालीस? ती ओळ?

मागावरून उतरलेल्या कापडात मग फूल विणता येत नाही, बाळा. ओळ तेवढी राहिली.