पिटकीची पोलादी सुई

लोखंडाला जेवताना पाहिलंय का कधी तुम्ही? पिटकी उंदरीने पाहिलंय!

पिटकी पिल्लांसाठी गोधडी शिवत होती. एकच कोपरा उरला होता. तेवढ्यात काय झालं? लोखंडाची सुई वाकली!

पिल्लं कुडकुडली. "आई गं, गार गार!"

पिटकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. लोहारमामाकडे आली.

"मामा, मामा, सुई घडव!"

"लोखंडाची सुई पुन्हा वाकेल, पिटके. पोलादाची हवी. लोखंडाने कोळसा खाल्ला, की त्याचं पोलाद होतं. मग घडवीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. लोखंडाकडे आली.

"लोखंडदादा, कोळसा खा!
मामा सुई घडवीना,
गोधडी पुरी होईना!"

"शी! काळा काळा कोळसा? मी गार आहे, मला भूक नाही. भट्टी तापली तर खाईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. भट्टीकडे आली.

"भट्टीताई, ताप!
लोखंड कोळसा खाईना,
मामा सुई घडवीना,
गोधडी पुरी होईना!"

"वाऱ्याशिवाय कशी तापू? मामीने भाता ओढला तर तापेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. लोहारीणमामीकडे आली.

"मामी, मामी, भाता ओढ!
भट्टी काही तापेना,
लोखंड कोळसा खाईना,
मामा सुई घडवीना,
गोधडी पुरी होईना!"

"अगं, ओढला असता! पण बाळ बघ कसं भोकाड पसरतंय. ते हसलं तर ओढीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. पाळण्यावर चढली.

"बाळा, बाळा, हस ना!
मामी भाता ओढीना,
भट्टी काही तापेना,
लोखंड कोळसा खाईना,
मामा सुई घडवीना,
गोधडी पुरी होईना!"

बाळ म्हणालं, "टँहँ!"

आता? पिटकीने शेपटी बाळाच्या तळपायावर फिरवली. गुदूगुदू, गुदूगुदू!

बाळ हसलं, खुदुखुदु!
मामीने भाता ओढला, भस् भस्!
भट्टी तापली, धगधग धगधग!
लोखंड कोळशात बसलं. लालेलाल झालं. कोळसा खाऊ लागलं, मटामटा मटामटा!

"आणखी वाढा!" लोखंड म्हणालं.

"अरे, मघाशी कोण शी म्हणत होतं?" पिटकी म्हणाली.

लोखंड चावतच राहिलं. तोंड भरलं होतं ना!

खाऊन खाऊन लोखंडाचं झालं पोलाद. मामाने सुई घडवली, ठण् ठण् ठण्! पाण्यात बुडवली, चुर्र्र! पिटकीने वाकवून पाहिली. वाकेचना!

मग कोपरा शिवला, सर्र सर्र. सगळी पिल्लं गोधडीत शिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात आलं, तरी पिल्लं गोधडीत घोरत होती.