झालरीवरचे पाखरू

इसवी सन एकोणीसशे अकरा. महिना मार्गशीर्ष, ऋतू हेमंत. पाचगणीला फार थंडी पडली होती.

एक होता बंगला. त्याच्या छपराच्या कडेला होती लाकडी झालर. झालरीत कोरलेली पाने, कोरलेली वेल आणि टोकाला एक लाकडी पाखरू. त्याच्या शेजारी बसे नाचण, पंख्यासारख्या शेपटीची, एवढीशी पक्षीण. रोज सकाळी ती पाखराशी बोले. तिला दुसरे कोणी नव्हते.

एके दिवशी वारा सुटला. सूं सूं सूं. पाखरू खाली पडले. खाड्. त्याचे तुकडे झाले.

नाचण गेली सुताराकडे. फुर्र फुर्र.

"केरबादादा, केरबादादा, झालरीचे पाखरू पडले, मी एकटी झाले."

केरबा म्हणाला, "माझ्या बापाने कोरले होते ते. झालर पावसाचे पाणी भिंतीवर येऊ देत नाही. पाखरू मात्र येणाऱ्याला 'या' म्हणते. पण लोहार करवतीला पाते देईल, तर मी कोरीन."

नाचण गेली लोहाराकडे. फुर्र फुर्र.

"गणूमामा, गणूमामा, करवतीला पाते नाही, झालरीचे पाखरू पडले, मी एकटी झाले."

"मोची भाता शिवील, तर मी पाते देईन."

नाचण गेली मोच्याकडे. फुर्र फुर्र.

"सखूकाका, सखूकाका, भाता फाटला, करवतीला पाते नाही, झालरीचे पाखरू पडले, मी एकटी झाले."

"आधी शेपटी आवर, दोरा विस्कटलास. मधमाशी मेण देईल, तर मी शिवीन."

नाचण गेली मधमाशीकडे. फुर्र फुर्र.

"माशीताई, माशीताई, दोऱ्याला मेण नाही, भाता फाटला, करवतीला पाते नाही, झालरीचे पाखरू पडले, मी एकटी झाले."

"पिरोजबाई गुलाबाला पाणी घालतील, तर मी मेण देईन."

पिरोजबाई म्हणजे बंगल्याच्या पारशी मालकीण. दार लावून आत एकट्याच बसत. नाचणीने काचेवर चोच मारली. टक टक.

"पिरोजबाई, पिरोजबाई, वाफ्यात फूल नाही, दोऱ्याला मेण नाही, भाता फाटला, करवतीला पाते नाही, झालरीचे पाखरू पडले, मी एकटी झाले."

पिरोजबाई हळूच म्हणाल्या, "डिकरा, बाळा, बागेत माझ्याशी बोलायला कोण आहे? कोणी बोलेल, तर मी येईन."

नाचण म्हणाली, "मी बोलेन."

दार उघडले. करर्र.

नाचण बोलली, बाईंनी पाणी घातले. पाणी मिळाले, फूल फुलले. फूल फुलले, माशीने मेण दिले. मेण मिळाले, मोच्याने भाता शिवला. भाता फुलला, लोहाराने पाते दिले. पाते मिळाले, केरबाने पाखरू कोरले आणि झालरीवर ठोकले. ठक ठक ठक.

नाचण शेजारी बसली. पुष्कळ बोलली. पाखरू गप्प. ते पूर्वीही गप्पच असे.

तेवढ्यात खालून पिरोजबाईंचा आवाज आला, "ये ना, डिकरा. मग पुढे काय झाले?"

नाचण खाली गेली. फुर्र फुर्र.

तो होता मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, बायकांना हळदीकुंकवाला घरी बोलवायचा दिवस.