थरथरणारा काटा

मोटारींना हँडल मारून जागं करायचे, त्या काळी एका मोटारीत करंट दाखवणारा काटा राहत असे. गाडी चालू झाली की तो सतत थरथरायचा.

“काटेराव, आज कसली काळजी?” हॉर्न विचारायचा. “जरा स्वस्थ बसायला शिका.”

एके सकाळी गाडी सुरूच होईना. भंगारवाला तिला न्यायला फाटकाशी येऊन उभा होता. मालक विनायकराव घामाघूम होऊन हँडल फिरवत होते आणि काटा मात्र शून्यावर शांत होता.

“शाब्बास,” हॉर्न म्हणाला. “ऐन वेळी धीर धरलात.”

“धीर कसला? माझं चुकतही असेल, पण ठिणगी पाडणाऱ्या इग्निशनला करंट पोचत नसावा. पोचला असता तर मी हललो असतो.”

तेवढ्यात आत बसलेल्या वत्सलाबाई म्हणाल्या, “अहो, थांबा. काटा हलतच नाहीये.”

विनायकरावांनी डिस्ट्रिब्युटर उघडला. आतल्या, करंट जोडणाऱ्या पॉइंटवर काजळी धरली होती. ती घासून त्यांनी पुन्हा हँडल धरलं.

“काटेराव,” हॉर्न हळूच म्हणाला, “थरथरा बघू जरा.”

काटा थरथरला, मागोमाग इंजिनही. भंगारवाला निघून गेला, तरी हॉर्न दिवसभर काट्यावरची नजर काढेना.